चार्ज यादीतली सतरावी बाब

लातूर, ५ ऑक्टोबर २०२५

प्रियदर्शनी,

जय भीम. दसऱ्याला तू येणार म्हणून खीर केली होती. दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवली आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या नागम्माला दिली. तिनं खाल्ली आणि गोड कमी झालीय म्हणाली. विहारात चार जणींनी विचारलं, नांदेडची भाची कुठंय? मी सांगितलं, तिला सॉफ्टवेअर झालंय.

फोन करते म्हणू नकोस. फोनवर मला तुझा आवाज येतो, शब्द येत नाहीत. कानात मशीन घातलं तर पंखासुद्धा भाषण ठोकतो. मोबाईलवरची अक्षरं म्हणजे उंदराच्या लेंड्या. तेव्हा कागदावर लिही आणि पोस्टात टाक.

वर्षभर तुझं एकच वाक्य ऐकते आहे: "सिस्टीम बदलायची आहे." अगं, एकतीस वर्षं मी तुझ्याच न्यासाच्या लातूरच्या रक्तपेढीत काढली. माझ्या डोळ्यांदेखत चार फ्रीज बदलले, तीन सेंट्रिफ्यूज बदलले, सात प्रशासक बदलले. त्यापायी कुणाचं वजन नऊ किलो उतरलेलं मी पाहिलं नाही. काय चाललंय ते नीट लिही. मी सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात शिकले आहे, मला समजतं. मी निवृत्त झाले आहे, मंद नाही.

तुझी,
सिंधुआत्या


नांदेड, ११ ऑक्टोबर २०२५

आत्या,

रागावलीस ते बरोबरच आहे. खिरीबद्दल माफ कर. दसऱ्याला सकाळी सहापासून मी ऑफिसात होते.

नीट सांगते. नांदेड आणि लातूरचं रुग्णालय, शिवाय उमरी आणि रेणापूरची केंद्रं मिळून कॉम्प्युटरवर काम करणारी अठराशे माणसं आहेत. कुणी नाव आणि पासवर्ड टाकला की एक सॉफ्टवेअर ठरवतं, हा माणूस कोण आणि याला काय काय करू द्यायचं. डॉक्टरला औषध लिहू द्यायचं, बिलिंगवाल्याला नाही. रक्तपेढीच्या तंत्रज्ञाला रुग्णासाठी रक्ताची पिशवी सोडू द्यायची, दुसऱ्या कुणाला नाही. दारावरचा रखवालदार समज. तो म्हातारा झालाय. ३१ डिसेंबरनंतर त्याला बनवणारी कंपनी त्याच्याकडे बघणार नाही. त्यात कुठं फट पडली तर बुजवायला कुणी येणार नाही, आणि आपल्याकडे सहा लाख रुग्णांची माहिती आहे.

नवा रखवालदार आणलाय. पण त्याला जुनी यादी तशीच देता येत नाही. प्रत्येक नावामागे आज कामावर असलेला माणूस आहे, असं प्रमाणपत्र मी माझ्या सहीनं द्यायचं आहे. माणसं अठराशे आहेत. यादीत नावं आहेत दोन हजार सातशे एक.

नऊशे माणसं जास्तीची आहेत, आत्या! विभागप्रमुखांना तीनदा लिहिलं. लातूरहून उत्तर आलं: "यादी तपासली, सर्व योग्य." त्या योग्य यादीत शिवप्पा एक्स-रेवाले आहेत. त्यांच्या मातीला मी स्वतः गेले होते.

दोनदा तारीख पुढे ढकलली. आता ढकलायला तारीखच उरलेली नाही. लातूरची एकशे दहा नावं सोबत पाठवते. कोण, कुठं, आहे की गेलं, एवढंच प्रत्येकापुढं लिही. तुझ्याशिवाय हे कुणी करू शकणार नाही.

प्रियदर्शनी


लातूर, १७ ऑक्टोबर २०२५

प्रियदर्शनी,

यादी तपासून परत पाठवते आहे. लाल पेन म्हणजे मेले, निळं म्हणजे निवृत्त, हिरवं म्हणजे दुसरीकडे गेले. चतुराबाई नर्स दोन हजार सोळातच गेल्या, आणि तुमच्या कॉम्प्युटरच्या मते त्या परवा वॉर्डात औषधं वाटत होत्या. शेषेराव हैदराबादेत मुलाकडे राहतात, गुडघ्यामुळे त्यांना जिना चढवत नाही. इथं मात्र रोज ऑपरेशन थिएटरमध्ये जातात. वा!

हे कसं होतं, सांगू? लोक पासवर्ड भिंतीवर लिहितात. कीबोर्डखाली चिठ्ठी चिकटवतात. "ताई, जरा तुमच्या नावानं उघडा की", असं म्हणतात आणि ताई उघडतात. लाज नाही, शिस्त नाही. कॉन्व्हेंटातल्या आमच्या सिस्टर आम्हाला सांगायच्या, ज्या कागदावर तुमचं नाव आहे त्याचा जबाब तुम्हाला द्यायचा आहे. आम्ही दहा वर्षांच्या होतो, तरी कळायचं. या घोड्यांना कळत नाही.

माझं नाव यादीत नाही हे पाहून बरं वाटलं. त्या इमारतीत निदान एक काम तरी नीट झालं म्हणायचं.

जेवत जा.

सिंधुआत्या


नांदेड, २७ ऑक्टोबर २०२५

आत्या,

तुझ्या तीन रंगांनी माझं महिन्याचं काम चार दिवसांत झालं. दिवाळीची सुट्टी असूनही मी बसून सत्त्याण्णव नावं बंद केली. कुठंही काही अडलं नाही.

एक विचारायचं आहे. निवृत्त होताना चार्ज द्यायची तिकडची पद्धत नेमकी काय होती? तुझ्या वेळी कसा दिला होतास? यादीची प्रत तुझ्याकडे असेलच. जमलं तर तशीच उतरवून पाठव. घाई आहे.

प्रियदर्शनी


लातूर, २ नोव्हेंबर २०२५

प्रियदर्शनी,

असेलच म्हणजे काय! आहे. फाइलमध्ये आहे, पंच केलेली.

३० जून २०१९ ला दुपारी तीन वाजता मी चार्ज दिला. माझ्या जागी कुणी नेमलं नव्हतं, म्हणून प्रशासनाचे व्यंकटराव यांनी घेतला. निरोपाच्या समारंभात शाल देणारे सगळे होते, चार्ज घ्यायला मात्र एकाला हाताला धरून आणावं लागलं. पूर्ण यादी उतरवत नाही, मासला देते:

१. लोखंडी कपाटाच्या किल्ल्या, दोन.
६. रक्तपेढीचा गोल शिक्का, एक. पॅडसह.
११. फ्रीजच्या तापमानाच्या वह्या, बेचाळीस.
१४. ओ निगेटिव्ह दात्यांच्या पत्त्यांची वही.
१७. बंद लिफाफा, एक.
१८. भिंतीवरचं घड्याळ (पाच मिनिटं पुढं).

लिफाफ्यात माझा पासवर्ड होता. १ जुलैला सकाळी कुणाला रक्त लागलं तर पिशवी कोण सोडणार? मी लिफाफ्यावर स्वच्छ अक्षरांत लिहिलं: "नवीन तंत्रज्ञ येईपर्यंतच. आल्यावर त्याचं नाव घालून माझं काढणे." खाली व्यंकटरावांची पोचसही घेतली. याला म्हणतात चार्ज देणं. आजकालचे लोक खुर्चीवरून उठतात आणि निघून जातात. मी गेले, पण काम एक दिवस अडलं नाही.

ही यादी तुमच्या लोकांना नमुना म्हणून दाखवायची असेल तर खुशाल दाखव.

सिंधुआत्या


नांदेड, ८ नोव्हेंबर २०२५

आत्या,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं.

तुला पाठवलेल्या यादीत तुझं नाव मी मुद्दाम घातलं नव्हतं. तुझं खातं चालू आहे. नुसतं चालू नाही; लातूर रक्तपेढीतलं सगळं काम त्याच्यावरच चालतं. तू निवृत्त झाल्यापासून आजपर्यंत तुझ्या नावानं एकतीस हजार सहाशे चार पिशव्या बाहेर गेल्या आहेत. दसऱ्याच्या दिवशी तू विहारात होतीस तेव्हा कॉम्प्युटरच्या हिशेबानं तू सलग सोळा तास ड्यूटीवर होतीस.

मला वाटत होतं, कुणीतरी तुझा पासवर्ड चोरला. त्याला शोधावं आणि तुला कळूच देऊ नये, असा माझा विचार होता. म्हणून चार्जचं विचारलं.

तो लिफाफा तू स्वतःच दिलास, आत्या. पोचसही घेऊन दिलास.

प्रियदर्शनी


लातूर, ११ नोव्हेंबर २०२५

प्रियदर्शनी,

म्हणजे त्या भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवणाऱ्यांत आता मीही?

लिफाफ्यावर काय लिहिलं होतं ते तू वाचलंस ना? नवीन माणूस येईपर्यंत. त्यांनी माणूस आणला नाही, माझं नाव काढलं नाही, आणि आता दोष माझ्या अक्षराचा? साडेसहा वर्षं! त्यातल्या एका पिशवीवर चुकीचा गट लागला असता तर पोलीस कुणाच्या दारात आले असते? मी इथं गॅलरीत पापड वाळत घालत होते आणि तिकडं मी लोकांना रक्त देत होते!

माझं खातं आजच्या आज बंद कर. मी लेखी सांगते आहे. हे पत्र अर्ज समज.

सिंधु सोनकांबळे
(निवृत्त मुख्य तंत्रज्ञ)


नांदेड, १५ नोव्हेंबर २०२५

आत्या,

बंद करता येत नाही. म्हणजे बटण माझ्याच समोर आहे, पण दाबलं की लातूरच्या रक्तपेढीतून एक पिशवी बाहेर पडणार नाही. तिथं पिशवी सोडायचा अधिकार असलेलं दुसरं नावच नाही.

तिथं एक पुनम म्हणून आहे. तुझ्यानंतर दोन महिन्यांनी एजन्सीमार्फत आली. शिकलेली तंत्रज्ञ आहे, पण एजन्सीच्या कागदावर तिचं पद "मदतनीस" असं आहे. आणि कंत्राटी माणसाला स्वतंत्र लॉगिन द्यायचं नाही, असा न्यासाचा नियम आहे. म्हणून व्यंकटरावांनी तिला तुझा लिफाफा दिला. तिच्या सुट्टीच्या दिवशी तिच्या हाताखालचे दोघं येतात. तेही तुझ्याच नावानं.

संचालकांकडे गेले होते. म्हणाले, "मॅडम, जसं आहे तसं नव्या सिस्टीममध्ये घ्या आणि सही करा. रक्तपेढी बंद पडली तर जबाबदारी तुमची." सही केली, तर तू कामावर आहेस असं मी लिहून दिल्यासारखं होईल. नाही केली, तर १ जानेवारीला रक्त मिळणार नाही. प्रमाणपत्राची शेवटची तारीख १५ डिसेंबर.

एक महिना उरलाय. कुणाशी बोलू? जिच्याशी बोलते तिचंच नाव त्यात आहे.

प्रियदर्शनी


लातूर, १ डिसेंबर २०२५

प्रियदर्शनी,

दोन आठवडे लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं ते वाचणं तुला सोसलं नसतं. परवा मशीन कानात घातलं आणि रक्तपेढीत गेले.

ही पुनम किल्लारीची आहे. बारीक अंगाची, बत्तीस वर्षांची. मला बघून उभी राहिली.

"मॅडम, या. बसा, खुर्ची तुमचीच हाय."

"खुर्ची संस्थेची आहे. नाव माझं आहे. ते परत न्यायला आले."

"न्या की," ती म्हणाली. समोर बसून खणखणीत बोलत होती, म्हणून सगळं ऐकू आलं. "मला तरी कुठं हौस हाय? सहा वर्षं झाले, मी तुमी होऊन राहिले. वॉर्डातून फोन आला की म्हणतेत, 'सिंधु मॅडम, पिशवी सोडा.' पयले पयले सांगायचे, मी पुनम. आता हाव म्हणते न् सोडते."

मी तिला झापायची वाक्यं रिक्षात बसून पाठ केली होती. त्यातलं एकही वापरता आलं नाही, कारण तिनं मधेच विचारलं, "मॅडम, भामाबाई कोण हो?"

पासवर्ड पत्रात लिहू नये, हे मला कळतं. पण तो आता गुपित राहिलाय कुठं? भामाबाई माझी आई, तुझी आजी. मी तसं सांगितलं.

"मंग बरं झालं. मला वाटायचं देवी-बिवी हाय. दर तीन महिन्याला ते बदला म्हणतंय. मी भामाबाई तशीच ठेवते, पुढचा आकडा वाढवते. आता सव्वीस झाली."

आईला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरमध्ये जन्मभर अंगठा लावला तिनं. आणि ही पोरगी तिचं नाव सहा वर्षं रोज सकाळी लिहिते आहे. मला पाणी प्यावं लागलं.

तेवढ्यात वॉर्डातून मागणी आली. पुनमनं नमुना घेतला, लेबल दोनदा वाचलं, गट तपासला, पेशंटच्या रक्ताशी जुळतं का बघायला क्रॉसमॅच लावली. मी तिच्या हाताकडे बघत होते, चूक सापडावी म्हणून. सापडली नाही. माझ्या ऐन उमेदीतसुद्धा मी तसं काम केलं नसेल. हे मी तिला बोलले नाही. एका दिवसात सगळंच देऊ नये.

मग तिनं ड्रॉवरमधून एक गठ्ठा काढला. मागच्या वर्षी सरकारी भरतीत तिनं अर्ज केला होता. अनुभवाचा पुरावा मागितला. एजन्सी म्हणते, मदतनीस. म्हणून हिनं स्वतः सोडलेल्या पिशव्यांची छापील यादी नेली. टेबलामागच्या बाईनं विचारलं, "ही सिंधु कोण? तू तर पुनम न?"

"समदे हसले, मॅडम. म्हणले, दुसरीचा कागद घेऊन आलीस का? मी काय सांगू? कागदावर तर तुमीच हाव. मी कुठं न्हाईच."

तिथून व्यंकटरावांकडे गेले. त्यांचे केस गेलेत, बाकी सगळं तसंच आहे.

"मॅडम, जुनं कशाला उकरायलाव? समदं चालूहे की. पेशंट वाचून राहिले, तुमचं नाव चांगल्याच कामाला लागलंय."

"असं? मग उद्यापासून तुमचं नाव देते कुणाला तरी वापरायला. चालेल?"

"तसं नसतंय, मॅडम."

"कसं असतं?"

यावर त्यांनी चहा मागवला. मी चहा न पिता आले. एवढंच जमलं मला. तिथून घरी येईपर्यंत माझा राग कुणावर आहे हेच मला ठरवता येईना.

सिंधुआत्या


नांदेड, ६ डिसेंबर २०२५

आत्या,

आज सकाळी अभिवादनाला जाऊन आले आणि सरळ तुला लिहायला बसले. नऊ दिवस राहिलेत.

सगळ्या वाटा बघितल्या. फक्त एक सापडली. न्यासाच्याच नियमावलीत एक कलम आहे: रक्तपेढीत पिशवी सोडण्याचा पाच वर्षांचा सलग अनुभव असेल, तर माणूस कंत्राटी असला तरी वैद्यकीय समिती त्याला स्वतःच्या नावानं अधिकार देऊ शकते. समितीतल्या डॉक्टरीणबाई तयार आहेत. पण त्यांना पुरावा हवाय. आणि पुरावा म्हणजे ती कॉम्प्युटरची यादी. तिच्यावर नाव तुझं.

त्या पिशव्या पुनमनं सोडल्या, हे ठामपणे सांगू शकेल असं एकच माणूस आहे. ज्याच्या नावावर त्या आहेत, ते. पण तू तसं लिहून दिलंस, तर मी माझा पासवर्ड दुसऱ्याला दिला, असंही त्यात लिहावं लागेल. मग चौकशी होईल. प्रशिक्षणाच्या खोलीला तुझं नाव दिलंय, तुझा फोटो आहे तिथं. एकतीस वर्षांत एक मेमो नाही तुला. लोक बाकीचं विसरतील आणि एवढंच लक्षात ठेवतील.

म्हणून मी तुला हे मागणार नाही. मी ठरवलंय: मी सही करते. सोनकांबळे मॅडम कामावर आहेत, असं लिहिते. खोटं आहे, पण सगळेच लिहितात. रखवालदार बदलेल, रक्त मिळत राहील, मला झोप लागेल. पुनमचं पुढं बघू.

ही वाट कळल्यावर तू काय करशील, हे मला माहीत आहे. करू नकोस. थकले मी.

प्रियदर्शनी


लातूर, १० डिसेंबर २०२५

प्रियदर्शनी,

हे पत्र पोस्टानं पाठवत नाही. पुनमचा भाऊ आज नांदेडच्या बसनं निघालाय, तो तुझ्या हातात देईल.

तुझं पत्र वाचून मी पहिल्यांदा तुझ्यावर चिडले. सही करते म्हणे! सगळे लिहितात म्हणे! मग एकशे दहा नावं लाल-निळी करत मी डोळे कशाला फोडले? सगळे करतात म्हणून करायचं असतं तर तुझा आजा पूर्णेच्या यार्डातून मुलीला कॉन्व्हेंटात घालायला निघालाच नसता. तू एकदा सही केलीस की पुढच्या वर्षी तीच सही बघून दुसरा कुणी करेल, आणि मी मेल्यावरही रक्त देत राहीन.

मग रात्रभर स्वतःवर चिडले. ते जास्त अवघड गेलं, सवय नाही.

लिफाफ्यावर मी अट लिहिली होती, हे खरं. पण अट पाळली की नाही हे विचारायला मी एकदाही गेले नाही. चारदा समारंभाला गेले, फोटोखाली उभी राहिले. रक्तपेढी माझ्याशिवाय अडलेली नाही असं कळायचं तेव्हा मला जरा वाईटच वाटायचं. ती अडली नव्हती, कारण ती माझ्याच नावावर चालू होती. हे मला कळलं नाही, असं मी तुला सांगेन. पण चतुराबाईंचं कळलं, शेषेरावांचं कळलं, आणि स्वतःचं कळलं नाही?

काल स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी केलं. वकिलानं गोल गोल मसुदा केला होता: "अनवधानाने", "सद्हेतूने". मी फाडला आणि स्वतः लिहिला. मूळ प्रत सोबत आहे. मजकूर असा:

"मी, सिंधु सोनकांबळे, वय सहासष्ट, राहणार लातूर, शपथेवर लिहून देते की ३० जून २०१९ रोजी निवृत्त होताना मी माझा पासवर्ड लिफाफ्यात घालून प्रशासनाच्या हवाली केला. असे करायला मला कुणी सांगितले नव्हते. ते चुकीचे होते. त्या दिवसानंतर माझ्या नावे नोंदलेली एकही पिशवी मी सोडलेली नाही. त्यातल्या बहुतेक सर्व पुनम यांनी सोडल्या. तारखा हजेरीपटावरून पडताळता येतील. त्यांचे काम मी समक्ष पाहिले आहे. ते मुख्य तंत्रज्ञाच्या योग्यतेचे आहे. या नोंदींतल्या कामाचे श्रेय माझे नाही. नाव वापरू दिल्याचा दोष माझा आहे."

हे समितीला दे. सही मागतील तेव्हा हे पुढं कर आणि तुझी सही करू नकोस. नोकरीवर आलं तर माझ्याकडे ये. दोन खोल्या आहेत, आणि मला ऐकू येत नाही, त्यामुळे तुला हवं तेवढं रडता येईल.

सिंधुआत्या


नांदेड, २ जानेवारी २०२६

आत्या,

तीन आठवडे एक ओळ लिहायलाही सवड मिळाली नाही. सगळं एकदम सांगते.

तुझा कागद दिला त्या दिवशी संचालक माझ्यावर टेबल बडवून ओरडले. मी सही केली नाही. मला मेमो मिळाला, त्याचं उत्तर अजून द्यायचंय. डॉक्टरीणबाईंनी समितीत तुझा कागद मोठ्यानं वाचला. दोघं विरोधात होते. तिसऱ्यानं हजेरीपट मागवला. १५ तारीख उलटून गेली, आणि २९ तारखेला संध्याकाळी पुनमचं नाव मंजूर झालं; तुझं काढून मग मी सही केली. तिच्या सुट्टीला येणाऱ्या त्या दोघांचं नाही. त्यांना तिच्या हाताखालीच काम करावं लागेल. दिवसरात्र ती एकटी पिशव्या सोडणार. किती दिवस निभेल, माहीत नाही.

काल सकाळी सातला जुना रखवालदार बंद केला. नऊ वाजता लातूरहून पुनमचा फोन. रडत होती. नव्या सिस्टीममध्ये तिनं पहिल्यांदा आत जायला नाव टाकलं, आणि बोटांनी सवयीनं तुझं टाकलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदाही. "मॅडम, मला माझं नाव येईनाच हो," म्हणत होती. निवृत्त माणसाच्या नावानं कुणीतरी शिरतंय असं समजून सिस्टीमनं तिचं मशीनच बंद करून टाकलं. सिस्टीमचं बरोबरच होतं. मीच सिस्टीमला तसं सांगून ठेवलं होतं.

आणि वरच्या वॉर्डात रेणापूरहून आणलेली बाळंतीण होती. रक्त थांबत नव्हतं. दोन पिशव्या हव्या होत्या. मला इथून मशीन उघडायला अकरा मिनिटं लागली. त्या अकरा मिनिटांत मी मनाशी काय काय कबूल केलं ते तुला सांगणार नाही. तुझ्यावरही राग काढला मनातल्या मनात. तुझं नाव राहू दिलं असतं तर पिशवी कधीच वर गेली असती.

पुनमनं वाट बघितली नाही. तपासणी करून तिनं साध्या कागदावर लिहिलं, खाली सही केली आणि पिशव्या हातात घेऊन स्वतः जिना चढली. तो कागद व्यंकटरावांनी मला पाठवलाय, तक्रार म्हणून: "विना लॉगिन रक्त दिले." सहीवर नाव तिचं आहे. बाळंतीण आज सकाळी शुद्धीवर आली.

तुझ्या चौकशीची नोटीस निघाली आहे, १२ तारखेला हजर राहायचं आहे. प्रशिक्षणाच्या खोलीतून फोटो काढलाय. नावाची पाटी अजून आहे. स्क्रू गंजलेत म्हणून निघाली नाही, असं ऐकलं. हे तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहिते. मला तुझ्या समोर येऊन सांगायचं होतं, पण धीर झाला नाही.

काल संध्याकाळपर्यंत पुनमच्या नावावर एकोणीस पिशव्या होत्या. तुझ्या नावावर एकही नाही.

प्रियदर्शनी